नंबराला आजा नसतो

शनिवारी होझिया पुरिफॉयच्या अंगणातलं गवत दिसत नाही, नुसत्या गाड्या दिसतात. युफोलाच्या विद्यापीठाचं स्टेडियम त्याच्या घरापासून इतकं जवळ आहे, की कर्ण्यावर बोलणाऱ्याला सर्दी झाली तर ती होझियाच्या बायकोला, मोझेलला, स्वयंपाकघरात कळते. अलाबामात थंडीच्या तोंडावरचे शनिवार देवाने फुटबॉलला, म्हणजे चेंडू हातात धरून पळायच्या आमच्या फुटबॉलला, देऊन टाकलेत आणि रविवार स्वतःला ठेवलेत. दोघांपैकी कुणाकडे गर्दी जास्त, हा प्रश्न आमचे पाद्री विचारू देत नाहीत.

गल्लीत ज्याला अंगण आहे तो त्यात गाड्या लावून घेतो. पण होझियासारख्या गाड्या कुणाला लावता येत नाहीत. हातात नारिंगी झेंडा घेऊन तो फाटकाशी उभा राहतो आणि प्रत्येक गाडीवाल्याला एकच प्रश्न विचारतो, "शेवटपर्यंत थांबणार, की हरायला लागलो की पळणार?" प्रत्येक जण छातीवर हात ठेवून सांगतो, शेवटपर्यंत. होझिया गाडीवाल्याच्या शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोचा चेहरा बघतो आणि त्याप्रमाणे गाडी लावतो. पळणारे रस्त्याच्या बाजूला, खरे भाविक मागे, पिकॅन झाडाखाली.

सामना सुरू झाला की तो आत येऊन टीव्हीसमोर बसतो. या घरात सामना बघणं म्हणजे एक चमत्कारिक प्रकार आहे. टीव्ही थोडा मागे असतो. आधी खिडकीतून आरोळी येते, मग ती कशामुळे आली ते पडद्यावर दिसतं. पडद्यावर पोरं अजून कमरेत वाकून उभी असतात, आणि होझियाला कळलेलं असतं की चेंडू रेषेपार गेला. आरोळीऐवजी शांतता आली तर मोझेल आपणहून म्हणते, "बदल ते. दुसरं काहीतरी लाव."

होझिया आयुष्यभर शाळेची बस चालवत आला. या गावातल्या निम्म्या लोकांना त्याने लहानपणी "खाली बस, नाहीतर उतरवीन" असं म्हटलेलं आहे, आणि त्यातले काही आता विद्यापीठात मोठ्या खुर्च्यांवर बसलेत. घर त्याच्या आईचं. तिने प्रोफेसरांचे कपडे धुऊन-इस्त्री करून ते उभं केलं. स्टेडियम वाढत गेलं तसं विद्यापीठाने गल्लीतली घरं एकेक करून विकत घेतली आणि त्यांच्या जागी डांबर ओतलं. होझियाकडेही माणसं आली, पुन्हा आली. तो त्यांना व्हरांड्यात बसवायचा, गोड थंडगार चहा द्यायचा, सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "आईला विचारून सांगतो." आई जाऊन किती वर्षं झाली हे माणसांना बाहेर पडल्यावर कळायचं.

पण स्टेडियमशी त्याचं नातं त्याहून जुनं. तो पोरसवदा होता तेव्हा निळ्यांच्या, म्हणजे विद्यापीठाच्या, संघात काळा पोरगा नव्हता, आणि काळ्या माणसाला त्या फाटकातून आत जाण्याचा मार्ग एकच होता: गळ्यात उकडलेल्या शेंगांची पेटी. पेटी असली की फाटक उघडायचं, नसली की नाही. होझियाने पुष्कळ सामने पाहिले, सगळे मैदानाकडे पाठ करून, कारण गिऱ्हाईक वरच्या पायऱ्यांवर बसलेलं असायचं. लोक उठून ओरडले की तो वळून बघायचा, तोवर झालेलं असायचं. मोझेल म्हणते, टीव्हीचं कौतुक कशाला, तुला तेव्हापासून सगळं उशिराच दिसतंय.

म्हणून त्याच्या मुलीचा मुलगा टॅव्हॅरिस निळ्यांकडून खेळू लागला, तेव्हा होझियाला जे वाटलं ते इतरांना समजणं कठीण होतं. मुलगी रेनिटा अटलांटात नर्स. पोरगा लहानपणापासून या दोघांकडेच वाढला. होझियाच्या बसमागे धावत शाळेत जायचा, आत बसायचाच नाही. पुढे तेच पाय कामाला आले. चेंडू छातीशी धरून तो आडव्यातिडव्या माणसांमधून असा निसटायचा की समोरचे एकमेकांना मिठ्या मारून पडायचे. विद्यापीठाने त्याची फी माफ केली, खोली दिली, जेवण दिलं आणि पाठीवर बावीस नंबर दिला.

त्या वेळी नियम असा होता की याहून जास्त काही त्याला मिळता कामा नये. एक दमडी नाही. यावरून जेवणाच्या टेबलाशी जे भांडण व्हायचं ते मोझेलच जिंकायची, पण होझियाला ते मान्य नसायचं.

"गवत कापणाऱ्याला पगार," मोझेल कॅटफिशचे तुकडे मक्याच्या पिठात घोळवता घोळवता म्हणायची. "शिट्टी वाजवणाऱ्याला पगार. बँडचे ढोल वाहणारा ट्रक आहे ना, त्याच्या ड्रायव्हरलासुद्धा. कोचला तर इतका, की गव्हर्नरने तोंड लपवावं. आणि ज्याच्या अंगावर सगळे मिळून पडतात त्याला?"

"त्याला शिक्षण मिळतंय."

"शिक्षण. पहाटे उठून वजनं उचलतो, दुपारभर आदळआपट, संध्याकाळी बर्फाच्या टबात बसलेला असतो. शिक्षण त्याला भेटायला येतं कधी? टबात?"

"पैसा हातात आला की पोरं बिघडतात."

"कोच बिघडलेला दिसतोय का तुला?"

"मोझेल, मी त्या फाटकातून शेंगा गळ्यात घालून आत जायचो. हा पोरगा आत पळतो. हे कमी आहे?"

"आणि शेंगांचे पैसे मिळायचे की नाही तुला?"

होझिया चहाचा मोठा घोट घ्यायचा. मिळायचे. पेटीमागे ठरलेले, रोख.

उत्तर देता आलं नाही की माणूस काहीतरी हाताने करायला घेतो. टॅव्हॅरिसच्या तिसऱ्या वर्षी होझियाने गॅरेजमधून प्लायवूडचा एक चांगला रुंद तुकडा काढला, पांढरा रंग दिला आणि त्यावर निळ्या रंगात, बसवर लिहितात तसल्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं: बावीस नंबरचा आजा इथे राहतो. गाडी लावा.

मोझेल व्हरांड्यातून बघत होती. "आजा इथे राहतो हे सांगायला पाटी कशाला? दिवसभर तोंडाने सांगतोसच की."

"रस्त्यावरून जाणाऱ्याला ऐकू येत नाही."

"त्यांचं नशीब."

पाटीने मात्र काम केलं. अंगण दुपारच्या आत भरू लागलं. लोक गाडीतून उतरून होझियाशी हात मिळवायचे, नातू लहानपणी काय खायचा ते विचारायचे. होझियाने गाडीमागे पाच डॉलर वाढवले, आणि ते त्याने नातवाच्या नावावर वाढवले हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. टॅव्हॅरिसने पाटी पाहिली नव्हती. घरच्या मैदानावर सामना असला तरी संघ आदल्या रात्री हॉटेलात ठेवतात. रविवारी तो जेवायला यायचा तेव्हा पाटी गॅरेजमध्ये भिंतीला टेकलेली असायची. होझियाला ती त्याला एकदा ऐटीत दाखवायची होती, हंगाम संपल्यावर.

नदीपलीकडच्या विद्यापीठाचं आणि आमचं वैर तुम्हाला सांगायला नको. पोरं मैदानावर खेळतात, आणि ज्यांना मैदानावर जमत नाही ते नियमांच्या पुस्तकात खेळतात. एका शनिवारी होझियाकडे एक गोरा, गोलसर गृहस्थ आला, कुठल्याच रंगाचा नसलेला शर्ट घालून. आमच्याकडे सामन्याच्या दिवशी बिनरंगाचा शर्ट घातलेला माणूस दिसला की तो पलीकडचा, हे समजून जावं. होझिया समजला नाही, कारण त्या माणसाने उतरल्या उतरल्या पाटीपुढे टोपी काढली.

"म्हणजे तुम्हीच?"

"मीच," होझिया म्हणाला.

"मिस्टर पुरिफॉय, तुमचा नातू पळताना बघितला की मला चर्चमध्ये असल्यासारखं वाटतं."

इतकं ऐकल्यावर होझियाने त्याला मोझेलच्या हातचा मासा खायला लावला आणि गाडी पिकॅनच्या सावलीत लावून दिली. जाताना त्याने फोटो मागितला. होझिया पाटीशेजारी उभा राहिला, बावीस आकड्यावर बोट ठेवून, दात दाखवत. दुसऱ्या हातात झेंडा होता आणि झेंड्याच्या काठीला धरून नोटांची घडी. ती खिशात ठेवायची राहून गेली.

सोमवारी तो फोटो सगळ्या देशाने पाहिला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, बावीस नंबरचा धंदा जोरात.

मंगळवारी मिस किम्ब्रेल आली. विद्यापीठात नियम पाळले जातात की नाही हे बघणारं एक कार्यालय आहे, तिथली ती. तरुण, सभ्य, बुटाला चिखल लागू नये म्हणून पायवाटेच्या फरशांवर जपून पाय टाकणारी. मोझेलने तिच्यापुढे रताळ्याच्या पायचा तुकडा ठेवला. "खाल्लेलं चालेल ना, बाळा? की याचीही चौकशी होईल?"

"मी खेळाडू नाही, मिस मोझेल. मला चालतं," ती म्हणाली आणि तिने खरंच खाल्ला.

मग तिने समजावून सांगितलं. खेळाडूच्या नावावर, कीर्तीवर त्याच्या घरच्यांनी पैसा मिळवायचा नाही. चौकशी होईल. तोवर टॅव्हॅरिस मैदानाबाहेर. होझिया उठला, गॅरेजमधून पाटी घेऊन आला आणि तिच्यासमोर टेबलाला टेकवून ठेवली.

"यात नाव कुठंय दाखवा मला."

"नाव नाही."

"नंबर आहे. तोच नंबर तुमच्या दुकानात शर्टावर छापून विकता. माझ्या अंगणात उतरणाऱ्या दर तिसऱ्या माणसाच्या अंगात तो असतो."

"दुकानातल्या शर्टावर म्हणूनच नाव घालत नाहीत, मिस्टर पुरिफॉय. तो बावीस कुणाचाच नाही. नुसता नंबर आहे."

"मग माझाही नुसता नंबर आहे."

तिने पाटीकडे पाहिलं. हे बोलायची तिची इच्छा नव्हती, हे होझियालाही दिसलं. "तुम्ही आजा लिहिलंय," ती म्हणाली. "नंबराला आजा नसतो."

मग होझिया म्हणाला, "चूक माझी. शिक्षा मला करा."

"तुम्ही संघात नाही. तुम्हाला करायला आमच्याकडे काही नाही." तिने बशी बाजूला सारली. "एवढंच सांगा, टॅव्हॅरिसला या पाटीबद्दल माहीत होतं?"

"त्याने ती पाहिलेलीसुद्धा नाही."

"हे फार चांगलं आहे," मिस किम्ब्रेल म्हणाली, आणि तिचा जीव खरोखरच भांड्यात पडलेला दिसला. "त्याला माहीत नसेल तर एखाद्या सामन्यावर भागेल. तुम्ही वाढवलेले पैसे कुठल्यातरी धर्मादाय संस्थेला देऊन टाका. मी प्रयत्न करते."

त्या हंगामात एका सामन्याला किती किंमत होती हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. व्यावसायिक संघांची माणसं दर शनिवारी वर काचेच्या खोलीत बसून टॅव्हॅरिसलाच बघत होती. वसंतात त्यांच्या निवडी होणार होत्या. आणि त्याची जागा घ्यायला पहिल्या वर्षाचं एक पोरगं, मॅकएल्रॉय, बाकाच्या टोकाला गुडघे हलवत बसून असायचं. एक सामना जाईल, होझियाने मनाची समजूत घातली. एका सामन्यात काय बिघडतं.

गुरुवारी मिस किम्ब्रेलचा फोन आला. आवाज थकलेला होता.

"मिस्टर पुरिफॉय, तुम्ही म्हणालात त्याला माहीत नव्हतं."

"नव्हतंच."

"तो म्हणतो पाटी त्यानेच लावायला सांगितली. शब्दसुद्धा त्यानेच सांगितले म्हणतो. दोघांतला एक जण खोटं बोलतोय, आणि असं झालं की कार्यालय ज्याच्यामुळे शिक्षा वाढते त्याचं खरं मानतं." ती थांबली. "तीन सामने. माझ्याने एवढंच झालं."

टॅव्हॅरिस त्या संध्याकाळी घरी आला. दारातून आत येताना नेहमीसारखा वाकला, कारण दार त्याला बुटकं पडायचं. होझिया व्हरांड्याकडे पाठ करून बसला होता.

"खोटं का बोललास?"

"पॉपॉ, आधी जेवू द्या."

"खोटं का बोललास म्हणतोय मी."

टॅव्हॅरिस खुर्ची ओढून बसला. आजाशी तो लहानपणापासून अदबीने बोलायचा, 'हो सर, नाही सर' केल्याशिवाय त्याचं वाक्य संपत नसे. "सर, त्या खोलीत सूट घातलेले चार जण होते. त्यांनी मला तुमचा फोटो दाखवला. तुम्ही इतके खूश दिसत होता की मला आधी हसूच आलं. मग एक जण म्हणाला, तुझ्या आजोबांचं ते घर म्हणजे तोच कोपरा ना. मला वाटलं, हे आता घराच्या मागे लागणार. आधीच डोळा आहे त्यांचा. अंगणात गाड्या लावायची परवानगी काढून घेतील, काहीतरी करतील. म्हटलं, मी घेतो अंगावर. मी त्यांच्या कामाचा आहे, मला काय करणार."

"मला विचारायचं तरी."

"तुम्ही पाटी लावताना विचारलंत?"

मोझेलने मधे ताट ठेवलं. "खा," ती म्हणाली. "दोघंही एकाच गाढवाची पिल्लं आहात, आता कुणी लाथ आधी मारली ते मोजू नका."

टॅव्हॅरिस हसला. होझियाला हसू आलं नाही. पोराने शिवी दिली असती, ताट भिरकावलं असतं तर त्याला धरायला काहीतरी मिळालं असतं.

वाढवलेले पैसे त्याने आपल्याच चर्चच्या छपराच्या फंडात दिले. पाद्रींनी रविवारी उभं राहून ब्रदर पुरिफॉयच्या दातृत्वाबद्दल आभार मानले. होझिया मान खाली घालून बसला आणि मोझेल त्याच्या कानात म्हणाली, "बघ, चोरीचा माल देवाला चालतो, फक्त विद्यापीठाला चालत नाही."

पहिला सामना परगावी झाला, निळे जेमतेम जिंकले. दुसऱ्यात मॅकएल्रॉय बरा पळाला. तिसरा घरी होता. शिक्षा झालेल्याला संघाबरोबर बसता येत नाही, म्हणून त्या शनिवारी टॅव्हॅरिस सकाळीच अंगणात आला आणि त्याने होझियाच्या हातातून झेंडा घेतला.

"ठेव तो. तुझं काम नाही."

"बसून काय करू?"

होझियाने मिस किम्ब्रेलला फोन लावला. हल्ली तो शिंकण्याआधीही तिला विचारायचा. ती म्हणाली, आजोबांच्या अंगणात उभं राहायला हरकत नाही, झेंडा हलवू दे, फक्त पैशाला हात लावू देऊ नका. मग तसंच झालं. पैसे होझिया घेत होता, गाड्या टॅव्हॅरिस लावत होता. पाटी नव्हती. आणि ज्या माणसासाठी इतकी माणसं इतक्या लांबून आली होती तो समोर नारिंगी झेंडा घेऊन उभा असताना कुणी त्याला ओळखलं नाही. डोक्यावर शिरस्त्राण नसलं की सगळीच पोरं सारखी.

एका मोठ्या गाडीतून बावीस नंबरचा शर्ट घातलेला गृहस्थ मान बाहेर काढून मागे बघत होता. "पोरा, बाजूला हो. आरसा घासेल."

"हो सर. थोडं डावीकडे घ्या."

"आज तो नाहीच ना खेळत," गृहस्थ आपल्या छातीवरच्या आकड्याकडे बोट करून म्हणाला. त्याला कुणाशी तरी बोलायचं होतं. "फुकट शिक्षण मिळतं यांना. फुकट खाणं. तरी पुरत नाही. घरच्यांसकट हात पसरून उभे."

"हो सर. बस, इथेच राहू द्या."

होझियाच्या हातात त्या माणसाचे वीस डॉलर होते. ते परत करायला तो दोन पावलं पुढे आलाही. टॅव्हॅरिसने लांबूनच मान हलवली, अगदी थोडी. होझिया थांबला. नोट त्याने खिशात घातली आणि तो पुढच्या गाडीकडे वळला.

सामना सुरू झाल्यावर तिघं आत बसले. मोझेलने मासे तळले होते, पण ते तसेच निवत पडले. सामना अडलेला होता. निळ्यांचं काही चालत नव्हतं, आणि खिडकीतून नुसती खळखळ येत होती, पाणी उकळण्याआधी येते तशी.

मग आरोळी आली.

खिडकीची तावदानं हादरली. होझियाने ही आरोळी ओळखली. आरोळ्या पुष्कळ प्रकारच्या असतात, पण ही एका जातीची होती. गेली दोन वर्षं ती एका पोरासाठीच उठायची, आधी लांबून, मग वाढत वाढत, जसजशी एकेक बाजूची माणसं उभी राहतात तशी, कारण कुणीतरी पळतंय आणि सापडत नाहीये. आणि त्या पोराला तर होझियाच्या शेजारी सोफ्यावर बसवलेलं होतं.

पडद्यावर अजून काहीच झालं नव्हतं. मॅकएल्रॉय गुडघ्यांवर हात ठेवून वाकलेला. कुणीतरी हाताने इशारा करत होतं.

"आता डावीकडून जाईल," टॅव्हॅरिस शांतपणे म्हणाला. "ती जागा बघा, कशी उघडी पडलीय."

पडद्यावर चेंडू निघाला, आणि मॅकएल्रॉय डावीकडून गेला. मोकळा, एकटा, शेवटपर्यंत.

"मीही तिथूनच गेलो असतो," टॅव्हॅरिस म्हणाला.

बाहेर बँड सुरू झाला होता, पडद्यावर तो थोड्या वेळाने सुरू झाला. मोझेलने टीव्ही बदलला नाही. तिने पोराच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथेच राहू दिला. टॅव्हॅरिस थोडा वेळ बसला, मग उठून झेंडा शोधू लागला.

"आता कुणी निघणार नाही," होझिया म्हणाला. "आता सगळे शेवटपर्यंत थांबतील."

"माहितीये, सर. जरा गाड्यांवर लक्ष ठेवतो."

पुढच्या आठवड्यात त्याची शिक्षा संपली. बाकाच्या टोकाला आता तो गुडघे हलवत बसू लागला. कोच चांगला माणूस होता, त्याने घरी येऊन सांगितलं, मिस्टर होझिया, पळत्या पोराला मी थांबवू शकत नाही. होझियाला ते पटलं, आणि ते पटलं हेच वाईट होतं. वरच्या काचेच्या खोलीतली माणसं मॅकएल्रॉयला बघू लागली. वसंतात निवडी झाल्या, त्यात टॅव्हॅरिसचं नाव कुठे आलं नाही. डिग्री मात्र मिळाली, मिळाली नाही असं नाही. विषय होता खेळांचं व्यवस्थापन. आता तो बर्मिंगहॅमला टायरच्या गोदामात आहे आणि दर रविवारी चर्चनंतर फोन करतो. पाटीचा विषय त्याने कधी काढला नाही. होझिया दर रविवारी वाट बघतो, की आज काढेल.

मग काही वर्षांनी नियमच बदलला. आता पोरांनी आपलं नाव खुशाल विकावं. पहिल्या वर्षाची पोरं गाड्यांच्या जाहिरातींत दिसतात, शर्टावर नंबराच्या वर नाव छापलेलं असतं आणि त्यातला हिस्सा पोराला मिळतो. मोझेल म्हणाली, हे मी मासा घोळवता घोळवता केव्हाच सांगितलं होतं, पण मला कोण कार्यालय देतं. होझियाने वाद घातला नाही. तो हल्ली त्या विषयावर वादच घालत नाही.

मागच्या हंगामात निळ्यांच्या चाहत्यांच्या फंडातला एक चुणचुणीत मुलगा व्हरांड्यात आला. चहा घेतला. "मिस्टर होझिया, ती पाटी आहे का अजून? आता बिनधास्त लावा. लोकांना अशा जुन्या गोष्टी आवडतात. आम्ही व्हिडिओ करू. पैसेही देऊ."

"विचारून सांगतो," होझिया म्हणाला.

या वेळी विचारायला माणूस जिवंत होता. रविवारी फोन आल्यावर त्याने सगळं सांगितलं. पलीकडे टॅव्हॅरिस हसला. गोदामातल्या गाड्यांचा आवाज ऐकू येत होता. म्हणजे हा रविवारीही कामावर होता.

"लावा की, पॉपॉ. आता चालतं."

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय. फक्त एक आहे. बावीस नंबर आता दुसऱ्याकडे आहे. जॉर्जियाचं पोरगं आहे ते. त्याचा आजा असेलच कुणीतरी."

होझियाने फोन ठेवला आणि अंधार पडेपर्यंत व्हरांड्यातच बसून राहिला. मोझेलने आतून विचारलं, काय म्हणाला. तो म्हणाला, बरा आहे.

पुढच्या शनिवारी सकाळपासून पाऊस होता. निळे हरत होते आणि छातीवर हात ठेवून वचन दिलेले सगळे जण मध्यंतरालाच परत आले. बावीस नंबरचा शर्ट घातलेल्या एका तरुणाची गाडी पिकॅनखाली रुतली. त्याच्या पाठीवर जॉर्जियाच्या त्या पोराचं नाव होतं, मोठ्या अक्षरांत. तो चाक फिरवत होता आणि चाक आणखी खाली जात होतं.

"थांबा," होझिया म्हणाला. "खाली काहीतरी घालावं लागेल."

गॅरेजमध्ये जाऊन त्याने हाताला लागलेलं पहिलं प्लायवूड उचललं. बाहेर उजेडात आल्यावर त्याने पाहिलं कुठलं आहे ते. तो क्षणभर तिथे पावसात उभा राहिला. मग वाकून त्याने ते अक्षरांची बाजू खाली करून चाकाखाली सारलं.

"काही लिहिलंय का त्यावर?" तरुणाने काचेतून विचारलं.

"जुनं आहे. हळू दाबा. हळू."

चाकाने प्लायवूड धरलं, गाडी कण्हली आणि बाहेर आली. तरुणाने हात हलवला आणि निघून गेला. स्टेडियमकडून काहीच आवाज येत नव्हता. होझिया चिखलातून पाटी उपसायला वाकला, पण ती फार खोल गेली होती, आणि रांगेत आणखी गाड्या होत्या.